पडद्यावरचा बर्फ

दुपारी बारा ते पाच वसमत बंद असतं.
तसं कुणी ठरवलेलं नाही.
मोंढ्यात हळदीचं बीट उरकतं,
हमाल ट्रकखाली आडवे होतात,
शटरं गुडघ्यापर्यंत खाली येतात
आणि आम्ही खालून सरपटत
मुजीबच्या मामूच्या फोटो स्टुडिओत शिरतो.

आत कूलर आहे.
थांबला की डाव्या बाजूला लाथ घालावी लागते.
लाथ कुणी घालायची, पाणी कुणी भरायचं,
मागच्या मे महिन्यापासून वाद चालू आहे.
निकाल लागलेला नाही.

भिंतीवर पडदा : बर्फाचे डोंगर, निळं तळं,
तळ्यात चोच उडालेला एक हंस.
याच हंसापुढं माझे आईबाबा
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ताठ उभे आहेत,
घरातल्या फ्रेममध्ये.
तेव्हा चोच होती.

बाहेर चव्वेचाळीस.
आम्ही चौघं बर्फाखाली,
फरशीवर, बनियनवर, उताणे.

व्यंक्या पोलीस भरतीचा.
पहाटे चारला परभणी रोडवर पळतो,
दुपारी झोपेतसुद्धा त्याची पोटरी उडते.
शेषेराव आडतीवर पट्ट्या लिहितो.
कॉलर पिवळी, नखं पिवळी,
त्यानं पत्ते पिसले की बदामराणी पिवळी.
"लग्नाआधीच हळद लागली बे तुला."
हा विनोद रोज होतो. रोज हसतो आम्ही.
नवा शोधायला कोण उठणार?

मी पुण्याहून आलेलो, सेकंड इयरची परीक्षा देऊन.
पहिल्या दिवशी तोंडातून निघालं,
"काय करतोयस?"
तिघांनी एकमेकांकडं बघितलं.
तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "काय करायलास?"
"पडायलो," व्यंक्या म्हणाला.
तिथून सुट्टी सुरू झाली.

बोलतो काय आम्ही दिवसभर?
सांगता येणार नाही.
कधी मामूचे जुने निगेटिव्ह उजेडाला धरतो,
कोण कोण आहे ते ओळखायचं.
एकदा आमची सातवीच सापडली,
पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची,
चाळीस म्हातारे बाकांवर हात बांधून.

गुरुवारी शेषेराव अंघोळ करून आला.
दुसऱ्यांदा. भांग पाडून.
"पासपोर्ट साईझ काढ. आठ."
कशाला?
तर चाकणला, कंपनीत. आत्याचा पोरगा हाय तिथं.
सोमवारी जायलो.

कुणी काही बोललं नाही.
कूलर थांबला.
पाळी कुणाची हे न विचारता
व्यंक्यानं लाथ घातली.

पासपोर्टला मागं पांढरं लागतं.
मुजीबनं दोरी ओढली,
आधी तळं गुंडाळलं, मग हंस,
मग एकेक करून डोंगर.
मागं साधी चुन्याची भिंत निघाली.
इतक्या उन्हाळ्यांत आम्ही ती पाहिलीच नव्हती.

"हसू नको, फॉर्मवर चालत नाही."
मग आम्ही दोघांनी मुजीबच्या मागं उभं राहून
जमेल ते केलं : माकड, हेडमास्तर,
मी माझंच पुणेरी "करतोयस".
तो हसला नाही.
आठही फोटोंत सायबासारखा बघतोय,
फक्त डाव्या कानाची पाळी पिवळी.

मुजीब कंप्युटरवर पुसायला बसला.
"ऱ्हाऊ दे की," शेषेराव म्हणाला.

मग पडदा परत खाली सोडला.
सोमवारला अजून तीन दिवस होते.
"पाणी कुणाकडं आज?" कुणीतरी विचारलं,
आणि विचारणाऱ्यासकट चौघंही
झोपल्याचं सोंग घेऊन
बर्फाखाली पडून राहिलो.